समुद्राकाठचा फ्लॅट आणि सासूबाईंचा प्रश्न

रविवार, संध्याकाळ

झाला एकदाचा पक्का! मे महिन्यात दापोलीजवळ फ्लॅट, चार दिवस, गॅलरीतून थेट समुद्र. पण तो कसा पक्का झाला, ते लिहून ठेवायलाच हवं.

आमच्या घरात समुद्र न पाहिलेल्या एकट्या सासूबाईच. मी कौतुकानं फ्लॅटच्या मालकांशी फोनवर त्यांचं बोलणं करून दिलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "पाणी किती दिवसांआड येतंय तितं?"

मालक गोंधळलेच. म्हणाले, "आजी, आमच्याकडे नळाला चोवीस तास पाणी असतं."

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला. "खोटं बोलतोय त्यो. दुसरा फ्लॅट बघ."

मी हसले. पण आपल्या सोलापुरात पाणी यायच्या दिवशी घरचं लग्न असलं तरी एकजण भरायला मागे थांबतो. चोवीस तास म्हटल्यावर शंका येणारच की! मला आली का? आली. भाकऱ्या थापता थापता गुपचूप मेसेज टाकलाच मालकांना, पाण्याचं नक्की ना म्हणून.

बिचाऱ्यांनी लगेच व्हिडिओ पाठवला. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडलेला, मागच्या खिडकीत मावळतीचा समुद्र. आम्ही सगळे मोबाइलवर वाकलो. समुद्राकडे एकानंही बघितलं नाही.

"अवो, बंद करा की आदी त्यो नळ!" सासूबाई मोबाइलवर ओरडल्या.

त्यांच्याआधी मी ओरडले होते.