नकाशावरची हिरवी पेन्सिल

प्रिय डंकनदादा,

गुडघा कसा आहे? समुद्राची हवा मानवत असेल तर तिथेच राहा बाबा, इकडे यायची मुळीच घाई करू नकोस. (का, ते पुढे कळेल.)

आपल्या गावाने आपला आराखडा आपणच करायला घेतलाय. नवी घरं कुठे, किती, कशी, ही धोरणं आम्हीच लिहायची, मग गावाचं मतदान. समितीत मीही आहे (सभागृहाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात म्हणून). पहिलं धोरण, तरुणांसाठी डझनभर लहान घरं. सगळ्यांचे हात वर! मला तर रडूच आलं. तुझ्या भाचीला, इमोजनला, दिवस गेलेत आणि नवरा-बायको तिकडे शहरात मासे-चिप्सच्या दुकानाच्या वर एका खोलीत राहतात. पाळणा आला की एकाला उभंच राहावं लागणार. पोर गावात परत यावी, एवढंच माझं मागणं.

दुसरं धोरण जपायच्या मोकळ्या जागांचं, आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. अध्यक्ष हिलरीबाईंनी नकाशावर आपल्या खिडकीसमोरचं कुरण हिरवं रंगवलं (हिरवं म्हणजे तिथे घरं नाहीत). पबवाल्या नॉरिसने मागचा उतार रंगवला. "अरे, तिथे नुसती काटेरी झुडपं आहेत," मी म्हटलं. "ससे राहतात तिथे," तो म्हणाला, "तुझ्याआधीपासून!" क्रिकेटवाल्यांनी मैदान घेतलंच, वर चेंडू हरवतो ते शेतही घेतलं. आता घरं बांधायची तर चर्चच्या मनोऱ्यावर! माझं डोकंच फिरलं. "मग पोरांनी राहायचं कुठे, तुमच्या खिडकीत?" हिलरीबाईंनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

तेवढ्यात हिरवी पेन्सिल संपली आणि एक तुकडा पांढराच राहिला. घरं तिथेच, ठराव एकमताने पास.

तुझी धाकटी,
रोझलिंड

ता. क. तो तुकडा म्हणजे तुझी सफरचंदाची बाग. मालकाची संमती लागते. कागद सोबत आहे, सही कर ना रे.

पुन्हा ता. क. हिलरीबाई तुझी बागही रंगवायला निघाल्या होत्या ("बिचारा डंकन इथे नाही!"). पेन्सिल संपली नव्हती, दादा, माझ्या पर्समध्ये होती. इमोजन म्हणते, फाटकाजवळचं झाड ठेवायचं, मामाची खुर्ची तिथेच. पेन्सिलही पाठवतेय. सहीला मन होत नसेल तर बाग तुझी तू रंगव. ती बोथट झालीय, टोक मात्र मी मुद्दामच केलेलं नाही.