मॅचनंतरची रांग

१४ सप्टेंबर, रविवार
सीझन सुरू. तिकडे दुपार, इकडे नाश्ता. पोह्यांची प्लेट मांडीवर घेऊन मॅच बघितली. प्र. बेंचवर. (प्रज्ञा. आमची एकुलती एक. वाशीच्या मैदानात मुलांच्यात गोलकीपर म्हणून उभी राहायची, आता जपानमध्ये फुटबॉल खेळते. अजून लिहितानाही खरं वाटत नाही.)
लीगच नवी, बायकांची. स्टेडियम अर्धं रिकामं. क्लब स्वतःच अजून धरून धरून चालतोय, तो माझ्या पोरीला काय सांभाळणार?
तिथली एक पद्धत आवडली. मॅच संपली की सगळी टीम मैदानाला फेरी मारते आणि प्रत्येक स्टँडसमोर रांगेत उभी राहून कमरेत वाकते. हरले तरी. बेंचवरच्यासुद्धा. प्र.पण वाकली. घरी पाहुणे आले तर तिला दोनदा सांगावं लागायचं, जयभीम कर म्हणून.
खालच्या मजल्यावरचे मुकादमसाहेब चहाचा कप घेऊनच वर आले होते. म्हणाले, "पोरगी जपानच्या टीव्हीवर दिसली, अजून काय पायजे तुमाला?"
खेळताना दिसायला पाहिजे.

५ ऑक्टोबर, रविवार
परत बेंच. फोनवर विचारलं, कशी आहेस? "मजेत."
मजेत म्हणजे काय? रबाळ्याला कंपनीत कोणी 'एकदम ओके साहेब' म्हणाला की मी आधी त्याचाच व्हॉल्व्ह उचलतो. इतकी वर्षं क्वालिटीत काढली, माझं कामच संशय घ्यायचं. माप चुकलेल्या पीसवर लाल ठिपका, पीस बाजूला, विषय संपला. माणसांचं तसं करता येत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
आज बेंचवरही नाही. मॅचनंतरच्या रांगेतही नाही! रांग पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघितली. मुकादमसाहेब वैतागले, "साहेब, तुमी मॅच बघता की व्हॉल्व्ह तपासता?"
प्र. म्हणते सर्दी झालीय.
कोच नवीन आलाय म्हणे. बाहेरची म्हणून बसवली असेल. तिथं जात विचारत नसतील, पण बाहेरची ती बाहेरचीच. किंवा भांडली असेल. हिच्यावर, म्हणजे आईवर गेलीय, ऐकून घेत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
अजून सर्दीच. व्हिडिओ कॉलवर नाक मात्र साफ. बोलते ती उशीला टेकून, नुसता चेहरा दिसतो. म्हटलं, जरा उठ, तुझं किचन दाखव. "पसारा आहे बाबा." मग ही मधे पडली, "अहो, दमलीय ती, ठेवा आता."
ही तिची बाजू घेते तेव्हा काहीतरी शिजत असतं. बारावीच्या मार्कांच्या वेळी असंच होतं.
कोणी मुलगा वगैरे? असला तर असू दे. सांगावं ना पण.

१४ डिसेंबर, रविवार
जिन्यात ही मुकादमसाहेबांना विचारत होती. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं. "पाय पूर्ण वाकायला किती दिवस गेले? रात्री दुखायचं का फार?" मला बघून ही लगेच भाजीचा भाव सांगायला लागली.
म्हणजे हिचा गुडघा गेलाय आणि माझ्यापासून लपवतेय. खर्च नको म्हणून. जिना चढताना बघितलं, चढते तर नीट. मुद्दाम चढत असणार.

१६ डिसेंबर
सीवूड्सला उतरून चांगल्यातली नी-कॅप आणली. हिच्या हातात दिली. आधी हसली, मग डोळे भरले, मग मोरीत जाऊन नळ सोडला. एवढं काय रडायचं? नवऱ्याला इतकंही कळत नाही असं वाटलं होतं काय हिला.

८ मार्च, रविवार
थंडीची सुट्टी संपली, मॅचेस परत सुरू. प्र. रांगेत दिसली! ट्रॅकसूटमध्ये, सगळ्यांत शेवटी. मी ओरडलोच. ही देवाच्या... छे, बाबासाहेबांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. रांगेत उभी राहिली यात फोटोसमोर जाण्यासारखं काय आहे? विचारलं. "काही नाही, सहज."
सहज काही नसतं.

१९ एप्रिल, रविवार
आता मॅच बघतच नाही खरं तर, रांग बघतो. दर वेळी शेवटी. दर वेळी ट्रॅकसूट. परवा फोनवर आवाज चढवला, "सरळ सांग, काय चाललंय?" ती म्हणाली, "नवीन आहे ना बाबा, बसवतात." आणि हसली. मी विचारायच्या आधीच हसायची तयारी केल्यासारखी.
ही पुन्हा तिचीच बाजू घेत होती, म्हणून हिच्याशी दोन दिवस बोललो नाही. हिला त्याचा काही त्रास झाला नाही.

१७ मे, रविवार
शेवटची मॅच. हरले. पण काय दिवस!
रांग झाल्यावर मैदानात माइक आणला. तिघींना पुढे बोलावलं, त्यात आमची प्र.! हातात एवढा मोठा फुलांचा गुच्छ. ती माइकवर जपानीत बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, पण आवाज थरथरत होता. सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. गोलकीपर कोच, धिप्पाड बाई, तिला मिठी मारून रडली.
म्हणजे सत्कार. बेंचवर बसूनसुद्धा सत्कार! सीझनभर वाईट-साईट मनात आणलं, त्या नव्या कोचची माफी मागावीशी वाटली. चप्पल घातली, पेढे आणले, सगळ्या मजल्यांवर वाटले. मुकादमसाहेबांनी दोन उचलले, "आमी बोललो होतो ना?" प्र.चा फोन लागला नाही, कार्यक्रमात असेल.
हिने पेढा तोंडात घातला नाही. शुगर म्हणाली.
हिला शुगर नाही.

१८ मे, सोमवार
पेढे कंपनीतही वाटून आलो. संध्याकाळी प्र.चा फोन.
"बाबा, आईने सांगितलं तू पेढे वाटलेस." मग म्हणाली, "ती फुलं क्लब सोडून जाणाऱ्यांना देतात."
ऑक्टोबरात प्रॅक्टिसला उडी मारताना डावा गुडघा गेला. लिगामेंट. ऑपरेशन तिथंच झालं. ही सगळं जाणून होती, रोज दुपारी मी कामावर असताना बोलायच्या दोघी. क्लबने पुढचा करार केला नाही. माइकवर ती सगळ्यांचे आभार मानत होती, खेळता आलं नाही म्हणून माफी मागत होती.
कोच, सर्दी, मुलगा, बायकोचा गुडघा, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. फुलांवर घेतला नाही. आणि हिला मी नी-कॅप आणून दिली!
ओरडलो. मला का नाही सांगितलं? बापाला?
"तू कंपनीतला माल बघितल्यासारखा बघतोस बाबा. मला वाटलं, तू रिजेक्ट म्हणशील."
फोन हिच्याकडे दिला. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. फार लागलं.

१९ मे
कंपनीत जो तो विचारतोय, साहेब, कसलं बक्षीस मिळालं मुलीला? म्हटलं, मोठं आहे, सांगतो नंतर.
मशीनवर बसलो होतो, लाल रंगाचा डबा समोर. आज एकही पीस टाकून द्यावासा वाटेना. दिले शेवटी. काम आहे.

२९ मे, शुक्रवार
प्र. आली. विमानतळावर मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिलो, मुद्दाम. पायाकडे नजर जाऊ द्यायची नाही असं घरून ठरवून निघालो होतो. तिच्या ते लक्षात आलं. म्हणाली, "बघ की. चालते मी."
घरी हिने मच्छी केली होती. प्र.ने मांडी घालून जेवून दाखवलं. मुकादमसाहेब वर आले, दोघांनी आपापले गुडघे उघडे करून टाके दाखवले एकमेकांना. त्यांचे जास्त निघाले म्हणून खूश झाले.

३० मे, शनिवार
आज तिने सांगितलं. त्याच लीगमधला दुसरा एक क्लब आहे, तळाचा. त्यांनी बोलावलंय. आधी गुडघा बघणार, खेळ बघणार, मग काय ते. तिथल्या डॉक्टरांनी उड्या मारायला परवानगी दिलीय.
"जाऊ?"
माझ्या तोंडून गेलं, "आधी बघू."
बघू! तोंडातून निघालेला शब्द परत घेता येत नाही. ही माझ्याकडे अशी बघायला लागली की विचारू नका. प्र. ताट उचलून आत गेली. वाटलं, संपलं, आता ही पोरगी मला परत काही सांगणार नाही.
थोड्या वेळाने आली. हातात तिचे जुने ग्लोव्हज, माळ्यावरचे.
"मग बघच. उद्या सकाळी मैदानावर चल. तू मार, मी अडवते."
म्हटलं, मला कुठे मारता येतंय.
"डावीकडे मारायचं. आणि हळू मारलास तर मला कळेल बाबा."
सकाळसाठी माझे बूट काढून ठेवलेत दाराशी.