दोन इंच खाली

३ तारीख, रविवार
गाडीच्या चाकांच्या सतरा इंची रिम आल्या. चारही बैठकीत मांडल्या. काय दिसतात! लेक म्हणाली छान आहेत, पण सोफ्यावर बसायचं कसं. गाडी गेल्या महिन्यातच स्प्रिंग बदलून दोन इंच खाली करून घेतली, आता फक्त टायरचा साइज ठरवायचा. एका संध्याकाळचं काम. ११ला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, १६ला घरी सोडणार. तिला शब्द दिलाय की मी माझ्या गाडीतून आणीन. बायकोचं म्हणणं, गाडी होती तशी काय वाईट होती. या घरात कौतुकाचा दुष्काळ आहे.

४ तारीख
साइज ठरला. २१५/५०. रुंदी २१५ मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. सरळ हिशोब, लोक उगाच बाऊ करतात.

संध्याकाळी – टायरवाला म्हणाला ५० म्हणजे मिलिमीटर नव्हे, रुंदीच्या पन्नास टक्के. म्हणजे उंची जवळजवळ अकरा सेंटीमीटर. मी म्हटलं, ठाऊक आहे, तुमची परीक्षा बघत होतो. २०५/४५ घ्या म्हणाला, खाली केलेल्या गाडीला तेच बसतात. दुकानात तेच पडून असणार, दुसरं काय!

६ तारीख, सकाळी ७
स्वतः मोजलं. जॅक लावून गाडी उचलली, चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये हात घातला. चांगली पाच बोटं जागा! एवढ्या जागेत २१५/५० हसत बसेल. टायरवाल्याला ऑर्डर दिली. त्याने दोनदा विचारलं, नक्की का. मी दोनदा नक्की म्हटलं. जुनी पंधरा इंची चाकं टायरसकट विकून टाकली. माघारीची सोय ठेवली की माणूस ढिला पडतो.

९ तारीख, शनिवार
बसवले! गाडी एकदम भरदार. कॉलनीला तीन चकरा मारल्या. वळणावर थोडं घर्रर्र झालं. नवीन रबर आहे, बसेल.

दुपारी बायको, लेक आणि मेहुण्याला घेऊन निघालो. स्पीडब्रेकरवर असा आवाज आला की रस्त्यावरचा कुत्रा उठून पळाला. मेहुणा मागे बसला होता. तो पंचाण्णव किलोचा, म्हणजे दोष कोणाचा ते उघड आहे. स्वतः फिरतो कसल्यात, तर व्हॅनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या उंच डब्यात. वर मला सांगतो, भावजी, चाकं गोल असली की झालं. बायकोने विचारलं, आईंना या आवाजात आणणार का? मी गाण्याचा आवाज वाढवला.

१० तारीख
चाकावरचं आतलं प्लास्टिक फाटून लोंबतंय. टायरवाल्याने विचारलं, जागा मोजली कशी? मी म्हटलं, जॅकवर. तो हसला नाही. आतून भागीदाराला बोलावलं, मला पुन्हा सांगायला लावलं, मग दोघं हसले. जॅकवर चाक खाली लोंबतं म्हणे, जागा मोजायची ती गाडी जमिनीवर उभी असताना, माणसं बसवून. हे टायरवर छापायला काय झालं होतं? एकदा चढवलेले टायर परत घेत नाहीत.

११ तारीख
ऑपरेशन छान झालं. आई गुंगीतच होती. डोळे उघडल्यावर पहिलं विचारलं, गाडी झाली का रे? झालीच, म्हटलं. बाहेर येऊन जिन्यात पाच मिनिटं बसलो.

१३ तारीख
व्हिडिओ बघून पत्र्याची आतली कड हातोडीने वळवली. कड वळली. रंगही उडाला, तळहाताएवढा. रंगाचं पुढे बघू. घासणं तसंच. शेजारचे काका गॅलरीतून पूर्ण वेळ बघत होते. यांना उद्योग नाही.

१४ तारीख
२०५/४५ घेतले. हा साइज खरं तर पहिल्यापासून माझ्या मनात होताच. टायरवाल्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, हो साहेब.

१५ तारीख
चाचणी. मेहुणा, बायको, लेक, डिकीत तांदळाचं पोतं. वळण, खड्डा, स्पीडब्रेकर. कुठेही आवाज नाही! स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घालावी लागते, पण ते कौशल्य आहे. मी म्हटलं होतं ना! उद्या आईला आणतो.

१६ तारीख, संध्याकाळी ५
सकाळी दहालाच हॉस्पिटलच्या दारात गाडी लावली. आईची पिशवी, चालायचा वॉकर, सगळं स्वतः डिकीत ठेवलं. आई व्हीलचेअरमधून आली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई सोबत होत्या. त्यांनी गाडी बघितली, मग मला बघितलं. गुडघ्याच्या खाली असेल अशा सीटवर सहा आठवडे बसायचं नाही, म्हणाल्या. सूचनांचा कागद तुम्हालाच दिला होता ना? दिला होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी २०५/४५ चा हिशोब केलाय.

आई म्हणाली, बघू तरी, एवढं केलंय त्याने. दार धरून अर्धी वाकली आणि कळवळली. जमिनीवरच बसायचं तर गाडी कशाला रे, म्हणाली. हसायचा प्रयत्न करत होती. डोळ्यांत पाणी होतं.

मेहुण्याने डबा आणला. आई फारशी न वाकता आत बसली. बायको तिच्या शेजारी. ते निघाले, मागून मी. बावीस स्पीडब्रेकर, सगळे तिरके. चाकं कुठेही घासली नाहीत.

घरी पोचायला त्यांच्यापेक्षा अर्धा तास जास्त लागला. बघतो तर आई अजून फाटकापाशी डब्यातच, उन्हात, पाय सरळ धरून बसलेली. वॉकर माझ्या डिकीत होता. त्याच्याशिवाय तिला उतरता येत नव्हतं. मेहुणा छत्री धरून उभा होता.

आईही चिडली नाही. दमला असशील, म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.