सांगडीवरचं वजन

३ ऑक्टोबर १९६२. मालवण

फटफटी आली! गोव्यातून पोर्तुगालला परत जाताना कुणीतरी विकलेली. काळी, टाकीवर एक पोचा. हे तिला तीनदा पुसून बसले. मुलाला पुसावं तसं. आम्हाला मूल नाही. असतं तर असं पुसलं असतं का, असा विचार आला. मग नको वाटलं.

संध्याकाळी तारकर्लीपर्यंत नेलं. भात पिवळं पडलंय. दोन्ही बाजूंनी वास. लाल रस्ता, मध्येच माडांची सावली, मध्येच ऊन तोंडावर. दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसले होते, यांच्या कमरेला धरलं होतं. चोवीस वर्षांत इतका वेळ कधी धरलं नव्हतं. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू?

परतताना कुत्रं आडवं आलं. यांनी वेग कमी केला नाही. मऊ धक्का बसला. "मागं बघू नको."

मी बघितलं. ते पुढच्या पायांनी अंग ओढत होतं.

४ ऑक्टोबर

पदर साखळीत गेला म्हणून भर बाजारात थोबाडीत. पदर फाटला. कान अजून वाजतोय.

७ ऑक्टोबर, खंडेनवमी

सावंतवाडीला निघालो, चार दिवस फिरायला. मोठ्या रस्त्यानं जायचं नाही, आडवाटेनंच, हा यांचा हट्ट. म्हणजे कर्लीची खाडी तरीनं, होडीतून, ओलांडायची.

तरीवर नावाडी गुणाजी. दोन होड्या दोरांनी एकमेकींना बांधून वर फळ्या टाकतो. तिला सांगड म्हणतात. तिच्यावर गाडी. पण आज होड्या वाळूत ओढलेल्या, नाळींना, पुढच्या टोकांना, झेंडूच्या माळा. गुणाजी हात जोडून म्हणाला, "सायबानू, आज पूजा. नारळ फुटल्याशिवाय होडयेक हात लावचो नाय. घटकाभर बसा."

हे बसणाऱ्यातले नाहीत. कमरेचा पट्टा काढला. पहिला फटका खांद्यावर, दुसरा तोंडावर, बकलाच्या बाजूनं. पूजेचा नारळ लाथेनं पाण्यात. "फौजदार माझ्या बैठकीतला आहे. तुझा हा तरीचा धंदा उद्या बंद करीन!"

गुणाजीच्या दोन पंजांत यांचं डोकं मावलं असतं. त्यानं माळा काढल्या, नीट घडी करून बाजूला ठेवल्या, सांगड लोटली. त्याच्या हनुवटीवरून रक्त वल्ह्यावर पडत होतं.

पलीकडे हे गाडी उतरवून घेत होते. मी रुमाल भिजवून, रक्त पुसायला, सांगडीवरच्या त्याच्या बायकोला दिला. हिरा तिचं नाव. तिनं रुमाल घेतला नाही. हळूच म्हणाली, "बाईनू, येताना कुडाळच्या रस्त्यान येवा. तरीन नको. माज्या घोवाक मी वळाखतंय. तो आरडलो असतो तर माका भ्या वाटला नसता."

हे घाटावरचे. यांना पोहता येत नाही.

८ ऑक्टोबर, दसरा. सावंतवाडी

तलावाकाठी बसलो. यांनी आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि हसले. गुणगुणत होते. याच हातांनी काल —

सांगितलं तर? मग फौजदार तरीवर जाईल, गुणाजीची हाडं मोडतील. नाही सांगितलं तर? दिवसभर हाच हिशेब. बाहेर केवढं सुंदर ऊन!

१० ऑक्टोबर

म्हटलं, "उद्या कुडाळवरून जाऊ या का? मला रस्ता बघायचाय."

"एवढा फेरा कशाला? तुझ्या कथेत घालायला?"

मी कथा लिहिते ते यांना खुपतं.

११ ऑक्टोबर. मालवण

आलो. घरी आहोत, दोघंही.

तरीवर ओहोटी जोरात समुद्राकडे निघालेली. गुणाजीचा ओठ अजून सुजलेला. यांच्याकडे न बघता मला म्हणाला, "बाईनू, तुमी धाकट्या होडयेन फुडे जावा. हिरा नेतली. सांगडीर वजन जास्त जाता."

हे म्हणाले, "जा की."

मी सांगडीच्या फळ्यांवर चढले, गाडीच्या चाकाशी बसले. "मी हेंच्यावांगडाच येतंय, गुणाजी."

त्यानं बघितलं. मीही बघितलं.

ऐन प्रवाहात त्यानं वल्हं थांबवलं. खाली वाकला. दोन होड्यांमधला पुढचा दोर आधीच सोडलेला होता, नुसता गुंडाळून ठेवलेला. तो त्यानं पुन्हा आवळून बांधला. हे गाडीवर बसून शीळ घालत होते.

उतरताना माझ्यापुरतं म्हणाला, "आज तुमी होतास म्हणान."

यांचा जीव वाचवला मी. रात्री यांना वाढताना हे सांगावंसं वाटत होतं. कसलं खुळं मन!

१४ ऑक्टोबर

कुत्र्याची गोष्ट लिहायला घेतली. ते मेलं असेल का तिथंच? किती वेळानं?

१७ ऑक्टोबर

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर लहान मुलाचं.

यांना कागद सापडले. "गावभर सांगणार?" उजवं मनगट उंबऱ्यावर ठेवलं आणि दार लावलं. दोनदा.

माई धावत आली शेजारून. हाड बसवायला वैद्य आले. "पडलात?"

"फटफटीवरून," मी म्हटलं. हे बाजूला उभे होते. म्हणाले, "नीट धरून बसत नाही ती."

ही वही तांदळाच्या कणगीत होती, म्हणून वाचली.

१९ ऑक्टोबर

सकाळी यांनी फटफटी पुसली. वेंगुर्ल्याला निघाले, तरीनं. ओहोटी लागली होती. म्हणाले, "चल, हवा छान आहे. तुलाही बरं वाटेल."

मी म्हटलं, "हात दुखतो. तुम्ही जा."

वळणापर्यंत डावा हात हलवत उभी राहिले.