दगडावरचा हात

रविवार, दिवेलागण

आज आमच्या सायलीला सांगणारच होतो, बी.ए. सोड, नर्सिंगला जा. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी मी घरी बसून वाचलं. त्याला वर्ग कशाला लागतो?

वेशीजवळच्या वीरगळापाशी ती भेटली. बोलायचं ते राहिलं आणि सवयीने सुरू झालो. गावची गुरं सोडवताना पडलेला वीर, ही ढाल, ही तलवार. गाव बघायला येणाऱ्या पाहुण्यांना इतकी वर्षं असंच सांगतोय, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"पप्पा, आणि हा हात?"

कडेला कोरलेला, कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात.

"त्याच्या बायकोचा. सती गेली."

"गेली, की नेली?"

"तसं कुठं लिहिलंय का?"

"न्हाई ना. म्हणून तर विचारायचं. वर्गात मॅडम रोज हेच करायला लावतात."

मावळतीच्या उन्हात तो हात ओलसर दिसत होता, आत्ताच पीठ मळून धुतल्यासारखा. तिचं नाव काय असेल?

नर्सिंगचं बोललोच नाही. आता नकोच. शनिवारी पाहुणे यायचेत. सुरुवात त्या हातापासून करीन म्हणतो. पुढचं सायलीला विचारून.