पाकिटात राखी नाही

आसगाव,
७ ऑगस्ट, गुरुवार

प्रिय मनिषदादाले रिताचा नमस्कार.

तू बरा असशील. जेवण वेळेवर करत जाजो, नुसत्या चहावर राहू नको. इकडची धानाची रोवणी आटोपत आली. तळ्याखालची बांधी तेवढी राहिली आहे, तिथं पाणी जास्त झालं. काळी गाय व्याली, गोऱ्हा झाला. टीनाकाकू तुले आठवून राहिली होती.

हे पाकीट शेजारचे कैलाशभाऊ आणून देतील. आज संध्याकाळी ते वरठी स्टेशनवर पुण्याच्या गाडीत बसतात. राखीचं पाकीट म्हणून बाबाने नेऊ दिलं. तू उघडून राखी शोधशील. शोधू नको. बाबाने पवनीहून आणून दिली होती, चांगली लाल रेशमाची. मी ती घातली नाही. काहून, ते सांगतेच.

तुझी तयारी कशी चालली? शनिवारचा इंटरव्ह्यूचा राऊंड शेवटचाच ना गा? आधी दोन राऊंड म्हणाले, मग तीन, मग मॅनेजर सुट्टीवर. इतक्यात तर माणूस म्हातारा होऊन जाते. आपली रोजची फोनवरची परीक्षा मात्र मले आवडत होती. तू पाठवलेले कॉम्प्युटरचे प्रश्न मी साहेबिणीसारखे विचारायचे आणि तू 'मॅडम, मॅडम' करत उत्तर द्यायचास. कुकी कुठं राहते, सेशन कुठं राहते, सगळं मले पाठ झालं. मायलेही थोडं समजायचं. गेट म्हणजे सर्व्हरकडून मागणं आणि पोस्ट म्हणजे त्याले देणं, असं तू सांगितलं, तर पदराले हात पुसत म्हणे, "मंग हा पोट्टा घरी नुसता गेटच करते." किती हसलो आपण त्या दिवशी.

दादा, तू रोज विचारतेस, माय फोनवर काहून येत नाही. मी सांगितलं, नाकाडोंगरीले मामाकडे गेली, तिथं टॉवर नाही.

माय नाकाडोंगरीले गेली नाही.

थांब, नीट लिहिते. मागच्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी रोवणी होती. माय बायांसंगं वाकून धानाचे परहे लावत होती. सगळ्याइले तेच सांगत होती, माझा मनिष आता पुण्याले लागते. बोलता बोलता ती बांधीतच बसली आणि मंग आडवी झाली. आम्ही ट्रॅक्टरवर टाकून नेलं. डॉक्टरने हात लावला आणि म्हटलं, घरी न्या.

आपली माय गेली रे दादा.

त्या संध्याकाळी मामाची वाट पाहत तिले ओसरीत ठेवलं होतं. बाया रडून राहिल्या होत्या. तेवढ्यात तुझा फोन आला. मी म्हटलं, बाबा, आता सांगते. बाबाने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, फोनवर एक शब्द काढायचा नाही. "मागच्या वर्षी आजी बिमार होती तं पेपर सोडून आला. मंग त्या कंपनीनं पुन्हा बोलावलं का? ही नोकरी त्याच्या मायची इच्छा होती. लागू दे, मंग सांगू." असं म्हणून फोन माझ्या हातात दिला. "घे, विचार त्याले प्रश्न."

मी घरामागं सांदवाडीत गेले आणि विचारले. तू म्हणालास, कोण रडून राहिलं? मी म्हटलं, टीव्ही आहे. मंग मी तो प्रश्न विचारला, आत काम बिघडलं आणि सर्व्हर तरी दोनशे पाठवत असेल, म्हणजे सगळं ठीक आहे असं सांगत असेल, तर? तू लगेच म्हणालास, "हे सगळ्यात वाईट, मॅडम. सरळ पाचशे पाठवा, आत बिघडलं म्हणून सांगा. समोरच्याले खरं कळलं तं तो आपलं काहीतरी करते. खोट्या दोनशेवर तो बिचारा बसून राहते."

मी म्हटलं, बरोबर.

सकाळी लोकांनी विचारलं, पोरगा कुठं आहे? बाबा म्हणाले, गाडीत आहे, पोहोचत नाही. अग्नी भूपेंद्रने दिला. काकाचा पोरगा आहे, त्याने केसही काढले. पण तिचा पोरगा तू आहेस. बाबाने साऱ्या गावाले हात जोडले, कोणी मोबाईलवर स्टेटस टाकू नका. कोणीच टाकलं नाही. सारं गाव तुले दोनशे पाठवून राहिलं आहे.

बाबाचा राग धरू नको. ते जेवत नाहीत. सुतकाच्या घरात स्वतः राखी घेऊन आले, तुले संशय येऊ नये म्हणून. राखी माझ्या हातात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मले त्यांचा असा राग आला आणि अशी दयाही आली, काय सांगू! पण सुतकात राखी नाही घालत दादा. ती मायच्या फोटोमागं ठेवली आहे.

तेरवी शनिवारी आहे. तुझा राऊंडही शनिवारीच. कैलाशभाऊ शुक्रवारी दुपारी पोहोचतील. बाबाने त्यांले सांगितलं, पाकीट इंटरव्ह्यू झाल्यावर दे, आधी भेटलास तं बोलण्यात निघून जाईल. मी फाटकापाशी गाठून म्हटलं, उतरल्याबरोबर दे. शुक्रवारची गाडी धरलीस तर तेरवीले पोहोचशील. कंपनीवाल्यांले दुसरी तारीख मागून पाहा. देतील का नाही, मले माहीत नाही. नाही दिली तर नोकरी जाईल आणि बाबा माझ्याशी कधी बोलणार नाहीत. इंटरव्ह्यू दिलास तरी मी काही म्हणणार नाही. पण ठरवणं तुझं आहे, आमचं नाही.

बाबाने शपथ फोनची घातली होती. पत्राची नव्हती.

आणि एक राहिलं. त्या दिवशी फोन ठेवताना तू म्हणालास, मायले सांग, आज सगळी उत्तरं बरोबर आली. मी ओसरीत गेले, तिच्या डोक्याशी बसले आणि कानात सांगितलं. 

इतके दिवस तुले खोटं दोनशे पाठवणारी,
तुझी बहीण
रिता