चालीवर पाठ केलेली उत्तरं

लेकीच्या आईस, दूरदेशीहून खूप माया.

आम्ही दोघं बरी आहोत. तुझा गुडघा कसा आहे? औषध वेळेवर घेतेस ना?

लेकीची नोकरी होती तो कारखाना बंद पडून चार महिने झाले, पण ती हिंमत धरून आहे. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मी साहेब होऊन बसायचो आणि तिची मुलाखत घ्यायचो. शाळेत कविता घोकून घ्यायचो, तशीच हिची उत्तरं चालीवर पाठ करून घेतली. डोळे मिटले की वाटायचं, जुना वर्गच भरलाय.

परवा खऱ्या साहेबांनी तिला मधेच थांबवून काहीतरी विचारलं. पुढचं आठवेना, म्हणून बिचारीने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. असं दोनदा झालं. मग ते हसले आणि "कळवतो" म्हणाले.

घरी येऊन म्हणते, "बाबा, तुमच्या वर्गात मात्र पहिली आले असते हं!" आम्ही दोघंही हसलो. पण ती जेवली नाही.

आता ती दार लावून एकटीच तयारी करते. मी बाहेर स्टुलावर बसून ऐकतो. ती मधेच अडखळते. पुढची ओळ माझ्या ओठांवर येते, ती मी गिळतो.

तू मात्र घोर लावून घेऊ नकोस.

तुझा,
मास्तर